जुन्या दुनळीची नळी : दुरुस्त करावी, बदलावी की तशीच ठेवावी?

दुर्ग, राजनांदगाव, बालोद या पट्ट्यातल्या जुन्या मालगुजारांच्या घरांत बारा बोरची दुनळी बंदूक ही एकेकाळी फारशी अपूर्वाईची वस्तू नव्हती. पिकात घुसणारी रानडुकरं, शिकारीची हौस आणि थोडा रुबाब एवढी कारणं त्यासाठी पुरेशी होती. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार गेली. बंदूक मात्र वारशानं पुढच्या पिढीकडे येत राहिली, आणि ही पिढी बहुधा गाव सोडून भिलाईच्या सेक्टरांत स्थिरावलेली असते. नळीत गंज दिसला की घरात दोन मतं पडतात. घासूनपुसून दुरुस्त करून घेऊ, असं एक मत. देशभराचे रूळ ज्या गावात बनतात त्या गावात एक नळी बदलून मिळू नये का, असं दुसरं. दोन्ही मतांमागे समज एकच आहे : नळी म्हणजे पाइप, आणि पाइप एक तर साफ करायचा किंवा बदलायचा. खरं तर हा निर्णय नळी कशी दिसते यावरून करायचाच नसतो. नळीच्या भिंतीत धातू किती उरला आहे आणि बंदुकीच्या कागदांवर काय लिहिलं आहे, या दोन गोष्टींवरून तो करायचा असतो. त्या दोन्ही नीट तपासल्या, तर शंभरेक वर्षांच्या बहुतेक बंदुकांच्या बाबतीत उत्तर ‘दुरुस्ती’ही येत नाही आणि ‘बदल’ही येत नाही.

सगळ्यात जुना आणि सगळ्यात पक्का गैरसमज आरशासारख्या नळीचा आहे. नळ्या उतरवायच्या, उजेडाकडे धरायच्या, आतून चकाकी दिसली की ‘नळी एक नंबर’ म्हणून मोकळं व्हायचं. पण शंभर वर्षांची नळी चकाकत असेल, तर पहिला संशय हाच घ्यायला हवा की कुणीतरी तिला आतून घासून चकचकीत केलं आहे. गंजाचे खड्डे घालवायचे म्हणजे खड्ड्यांभोवतीचा चांगला धातू खड्ड्याच्या तळापर्यंत उतरवायचा. शंभर वर्षांत असं दोन-तीनदा झालं की खड्डे जातात आणि त्यांच्याबरोबर भिंतही जाते. उलट, आतून थोडी खडबडीत, काळपट दिसणारी पण कुणी हात न लावलेली नळी जाडीच्या हिशेबात बरी निघू शकते. म्हणून डोळ्यांवर विसंबायचं नाही, मोजायचं. बारा बोरच्या नळीचा आतला व्यास ०.७२९ इंच, म्हणजे साडेअठरा मिलिमीटर धरला जातो, आणि ब्रिटिश पद्धतीत तो मागच्या टोकापासून ९ इंचांवर मोजतात. बंदुकीवर ठोकलेल्या आकड्यापेक्षा तो बराच वाढलेला असेल, तर धातू कुठे गेला ते वेगळं सांगायला नको. त्यानंतर भिंतीची जाडी. नळीत जाणाऱ्या दांड्यावर डायल गेज बसवून ती ठिकठिकाणी घ्यावी लागते, कारण जुनी नळी सगळीकडे सारखी जाड नसते. एका अंगाला तीस थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आणि समोरच्या अंगाला अठरा, असंही निघतं. ब्रिटिश कारागिरांचा ढोबळ नियम असा की सगळ्यात पातळ जागी २० थाऊ, म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर, तरी उरलेले असावेत. हा कायदा नव्हे, अनुभवातून आलेली मर्यादा आहे. पण तिच्या खाली गेलेली नळी घासू पाहणाऱ्या कारागिराला तिथेच थांबवायला हवं.

उजेडाकडे धरून पाहण्याचा एक खरा उपयोग आहे, तो वेगळा. खिडकीची कड किंवा दाराची चौकट नळीच्या दुसऱ्या टोकाशी आणून नळी हळूहळू फिरवली, की आत सावलीची कडी सरकताना दिसतात. नळी सरळ आणि गोल असेल तर ती कडी अखंड असतात. पोचा किंवा फुगवटा असेल तिथे कडं मोडतं, वाकडं होतं. म्हणजे डोळ्यांना आकार कळतो, जाडी कळत नाही. टिचकीच्या परीक्षेचंही तसंच. सुट्या नळ्या आकड्याला टांगून टिचकी मारली की घंटेसारखा स्वच्छ नाद यावा. बद्द किंवा झणझण आवाज आला, तर दोन नळ्यांमधल्या पट्टीचा डाख सुटला आहे. पण स्वच्छ नाद देणारी नळी कागदाइतकी पातळही असू शकते.

‘एवढा दाब मागच्या बाजूलाच असतो, पुढे पातळ असली तर काय बिघडलं?’ हा पुढचा आक्षेप, आणि तो अर्धा खरा आहे. सर्वाधिक दाब चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या भागात, आणि त्याच्या लगेच पुढे येतो, मग छर्रे पुढे सरकतात तसा झपाट्यानं उतरतो. आंतरराष्ट्रीय प्रूफ आयोगानं नेहमीच्या बारा बोर काडतुसाला ७४० बारची कमाल मर्यादा घातली आहे, आणि बंदुकीची परीक्षा घेतात ती त्याहून जास्त, ९३० बारच्या काडतुसानं. चेंबरभोवती भिंत जाड ठेवलेली असते ती याचसाठी. पण पातळ नळीचं गणित कारखान्यात काम केलेल्या कुणालाही पाठ असतं : भिंत निम्मी झाली की तोच दाब दुप्पट ताण देतो. आत १०० बार असला, तर अर्ध्या मिलिमीटरच्या भिंतीवर सुमारे १८५ मेगापास्कलचा ताण येतो. पाव मिलिमीटरवर तोच ३७० होतो. आणि सरासरी भिंतीला सोसवला तरी खड्ड्याच्या तळाशी तो एकवटतो. शिवाय पुढचा, पातळ भाग म्हणजे नेमका डाव्या हाताच्या बोटांच्या आसपासचा भाग. तेव्हा नळीला खड्डे आहेत की नाहीत हा प्रश्न अपुरा आहे. ते कुठे आहेत आणि त्यांच्याखाली किती उरलं आहे, हे विचारायला हवं.

दमास्कस नळ्यांभोवती तर दोन उलटसुलट दंतकथा एकाच वेळी नांदतात. एका गटाला त्या तलवारीच्या पोलादाच्या, अभेद्य वाटतात. दुसऱ्या गटाच्या मते पहिल्याच बाराला त्यांच्या चिंध्या होतात. वस्तुस्थिती अशी की या नळ्यांचा आणि दक्षिण भारतातल्या प्रसिद्ध मुशीतल्या पोलादाचा नात्याचा धागा नक्षीपुरताच आहे. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या एकत्र तापवून पिळायच्या, तो पीळ दांड्याभोवती गुंडाळायचा आणि शेजारशेजारचे वेढे घणानं जोडायचे, अशी ती घडवण असते. आपल्याकडे ही कल्पना नवी नव्हती. अकबराच्या बंदुकांचं वर्णन करताना अबुल फजलनं ‘ऐने अकबरी’त पत्रा तिरपा गुंडाळून, घड्या एकमेकींवर चढवून नळी करण्याची रीत दिली आहे, आणि एका बैलाच्या बळावर एकदम सोळा नळ्या साफ करणाऱ्या यंत्राचीही नोंद केली आहे. एकोणिसाव्या शतकात बर्मिंगहॅम आणि लिएज इथे या कामात असामान्य सफाई आली, आणि चांगल्या दमास्कस नळ्या त्या काळच्या अखंड पोलादी नळ्यांच्या बरोबरीनं टिकल्या. त्यांचा दोष कच्चेपणाचा नाही, न दिसण्याचा आहे. जोडाच्या शेकडो रेषांपैकी एखादीत मळी अडकलेली असते, गंज त्या रेषेनं आत शिरतो, आणि वरून नक्षी अजूनही सुंदर दिसत राहते. ‘सगळ्या दमास्कस नळ्या वाईट’ हे खोटं आहे. पण ‘ही विशिष्ट नळी चांगली’ हे मोजमाप आणि प्रूफ यांच्याशिवाय म्हणता येत नाही, हे खरं आहे.

प्रूफचे शिक्के नळ्या उतरवल्यावर त्यांच्या मागच्या टोकाखालच्या सपाट भागावर दिसतात. लंडनच्या बंदूककारांच्या संस्थेला १६३७ ची सनद आहे, बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस १८१३ चं. ते शिक्के वाचण्याची तसदी आपल्याकडे क्वचितच घेतली जाते, हे नवल आहे, कारण बंदुकीचा जन्मदाखला तिथेच कोरलेला असतो. काळ्या दारूसाठी परीक्षा झालेल्या नळीवर धूररहित दारूचा वेगळा शिक्का, म्हणजे नायट्रो प्रूफ, नसतो. तो एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरीपासून ठोकला जाऊ लागला. आता दुकानात मिळणारं काडतूस, मग ते पुण्याजवळच्या खडकीच्या १८६९ पासून चालत आलेल्या कारखान्यातलं का असेना, धूररहित दारूचंच असतं. त्यात चेंबरच्या लांबीची मेख आहे. जुन्या इंग्रजी बंदुकांचं चेंबर बहुधा अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटरचं असतं. ७० मिलिमीटरचं काडतूस त्यात आरामात बसतं, झाकण मिटतं, आणि म्हणून ते ‘चालतं’ असा समज होतो. पण काडतुसावरची लांबी ही बार झाल्यानंतर उघडलेल्या नळकांड्याची असते. दुमडलेलं तोंड उघडताना ते चेंबरच्या पुढच्या निमुळत्या भागात शिरतं, वाट अरुंद होते, दाब चढतो. नवी बंदूक हे सोसेल. आधीच घासलेली नळी सोसेल याची हमी कुणीही देऊ नये. कित्येकदा ज्याला ‘नळी गेली’ म्हणतात, तिथे नळीत काहीच वाईट नसतं, काडतूस चुकीचं असतं.

आता भिलाईचा खास युक्तिवाद. पोलादाचं गाव, हथखोजच्या आणि नंदिनी रोडच्या औद्योगिक भागांत लेथ फिरताहेत, तर चांगल्या पोलादाचा दांडा घेऊन नवी नळी कोरून घ्यायला हरकत काय? पहिली हरकत धातूची. इथल्या कारखान्याची ख्याती रुळांची, आणि रुळाच्या पोलादात कार्बन ०.६ ते ०.८ टक्के असतो. चाकाखाली दबून न झिजणं हे त्याचं काम. नळीला झिजेची फारशी भीती नसते, तिला आतून बाहेर ताणलं जातं, तेही एका क्षणात, धक्क्यानं. तिथे कडकपणापेक्षा चिवटपणा लागतो. सीमलेस पाइपचा दाखला देणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावं की पाइपवर लिहिलेला दाब संथपणे चढणाऱ्या पाण्याचा किंवा वाफेचा असतो. त्यातून दुनळी म्हणजे दोन नळ्या शेजारी ठेवणं नव्हे. त्या किंचित आत झुकवून, दोन्हींचे छर्रे ठरावीक अंतरावर एकाच जागी पडतील अशा बसवलेल्या असतात, आणि मागचा आकडा ॲक्शनमध्ये, म्हणजे नळ्या ज्यात मिटतात त्या मागच्या सांगाड्यात, केसभरही फट न ठेवता मिटला पाहिजे. हे काम लेथवरचं कमी आणि काजळी लावून कानशीनं उतरवण्याचं जास्त आहे. गावात पोलाद आहे, ही कसबी पिढी नाही. आणि त्यात गावाचा काही कमीपणा नाही.

दुसरी हरकत कायद्याची, आणि ती निर्णायक आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात शस्त्राचे भागही शस्त्राच्या व्याख्येत येतात. कलम ५ प्रमाणे अग्निशस्त्र बनवणं, रूपांतर करणं, दुरुस्त करणं, एवढंच काय चाचणी करणं, हे त्यासाठी परवाना असलेल्यानंच करायचं काम आहे. ओळखीच्या फिटरनं ‘साहेब, रविवारी करून देतो’ म्हटलं, तर तो आणि साहेब दोघेही गुन्ह्यात अडकतात, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा निर्मितीची शिक्षा सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत आहे. फाटलेलं किंवा फुगलेलं तोंड ‘पुढून चार इंच कापून टाकू’ हा सर्रास दिला जाणारा सल्लाही असाच घातक. नळी आखूड करण्यावर कलम ६ चं वेगळं बंधन आहे, आणि तांत्रिकदृष्ट्याही ते अडाणीपणाचं आहे, कारण छर्ऱ्यांचा पसारा आवळणारा चोक नळीच्या शेवटच्या इंच-दोन इंचांतच असतो. ओळखखुणा खोडण्यावर किंवा बदलण्यावर कलम ८ आहे. चांगल्या इंग्रजी दुनळीत नंबर ॲक्शनच्या पट्टीवर, नळ्यांवर आणि पुढच्या लाकडाच्या लोखंडावर असा जागोजागी कोरलेला असतो. नळ्या बदलल्या की तो मेळ मोडतो आणि परवान्यावरचं वर्णन हातातल्या बंदुकीशी जुळेनासं होतं.

मग परवानाधारक बंदूक दुरुस्तीच्या दुकानात काय करता येतं? पोचे काढता येतात, आणि काढायलाच हवेत; आत वर आलेल्या पोच्यावर प्रत्येक बाराचे छर्रे घासतात आणि तो भाग पातळ करत नेतात. अर्थात, पोच्याच्या जागी आधी पुरेशी जाडी असेल तरच. पट्टीचा सुटलेला डाख नव्यानं बसवता येतो, आणि त्या निमित्तानं पट्टीखाली वर्षानुवर्षं साचलेला गंज उघडा पडतो, हा त्यातला मोठा फायदा. तडा मात्र दुरुस्त होत नाही. तड्यावर वेल्डिंग करून वरून घासलं की तो दिसेनासा होतो, पण उष्णतेनं शेजारचा धातू बदललेला असतो आणि दोन-अडीचशे अंशांवर पाघळणारा पट्टीचा डाख तोवर कधीच वाहून गेलेला असतो. काळ्या रंगाचं तेच. कॉस्टिक सोड्याच्या कढत द्रावणात नळ्या बुडवून झटपट रंग देणारे भेटतात. एकसंध नळीला ते चालतं. डाख लावलेल्या दुनळीत ते द्रावण डाख खातं, पट्टीखाली शिरतं आणि तिथेच राहतं. पुढच्या पावसाळ्यात नळी आतून बाहेर गंजते आणि दोष हवेला दिला जातो. ठासणीच्या बंदुकीबाबत, म्हणजे छत्तीसगडात जिला भरमार म्हणतात तिच्याबाबत, एक गोष्ट निक्षून सांगावी लागते : ती रिकामी आहे असं धरून चालू नये. काठी आत घालून खोली मोजावी आणि बाहेरून ताडावी. कित्येक दशकं भरून ठेवलेली दारूही पेट घेते, आणि अशा नळीला ज्योत लावणं म्हणजे बार काढणंच.

नळ्या बदलण्याचा प्रकार परदेशात रूढ आहे, त्याचेच दाखले इथे दिले जातात, म्हणून तोही पाहू. जुन्या नळ्या मागचे दोन-तीन इंच ठेवून कापायच्या, उरलेल्या बुंध्यात नव्या पोलादी नळ्या बसवायच्या. किंवा जुनी नळी आतून मोठी करून तिला पातळ पोलादी अस्तर द्यायचं, म्हणजे बाहेरची दमास्कस नक्षी राहते. दोन्ही कामं उत्तम होतात. पण ब्रिटनमध्ये त्यानंतर बंदूक पुन्हा प्रूफला पाठवावी लागते आणि कापून बसवलेल्या नळ्यांवर तसा शब्दच ठोकला जातो, जेणेकरून पुढचं गिऱ्हाईक फसू नये. संग्राहकाच्या लेखी त्या शब्दानं किंमत खाली येते. शंभर वर्षांहून जुन्या, ऐतिहासिक मोलाच्या वस्तूला १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानं देशाबाहेर जाण्याची मनाई आहे, आणि कुठल्याही शस्त्राच्या आयात-निर्यातीला शस्त्र कायद्याचं कलम १० आहेच. म्हणजे ‘इंग्लंडला पाठवून करून आणू’ हा भिलाईतल्या घरासाठी खरा पर्याय नाही, बोलण्यापुरता आहे.

यावर शेवटचा आणि सगळ्यात आकर्षक गैरसमज पुढे येतो : बंदूक पुरातन झाली, तिला परवानाच लागत नाही, मग हवं ते करा. कलम ४५ मध्ये कालबाह्य बनावटीच्या, पुरातन मोलाच्या किंवा नादुरुस्त शस्त्रांना सूट आहे खरी. पण तिची अट अशी की ते शस्त्र दुरुस्तीनं किंवा दुरुस्तीशिवाय, कसंही अग्निशस्त्र म्हणून वापरता येता कामा नये. ‘दुरुस्तीनं’ हा शब्द लोक गाळतात. बारा बोरची काडतुसं आजही मिळतात, तेव्हा नुसता घोडा मोडलेली दुनळी या सुटीत बसत नाही. आणि खरोखर निकामी झालेल्या बंदुकीला नवी नळी बसवली, तर ज्या निकामीपणामुळे सूट होती तोच आपल्या पैशानं घालवला जातो. वारशानं आलेली बंदूक ठेवायची तर वारसाच्या नावे परवाना लागतो, २०१९ नंतर एका व्यक्तीकडे दोनच बंदुका राहू शकतात आणि त्यात वारशाची बंदूकही मोजली जाते. परवाना होईपर्यंत ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असते. हे दुर्गच्या जिल्हा दंडाधिकारी कार्यालयात आधी निस्तरावं आणि नळीचा विचार मग करावा, उलट्या क्रमानं नव्हे.

‘जी चालत नाही ती बंदूक कसली, ते तर लोखंड,’ असं यावर म्हटलं जाईल. ज्याला खरोखर पिकाच्या राखणीसाठी किंवा नेमबाजीसाठी बंदूक हवी आहे, त्याच्यापुरता हा मुद्दा बरोबर आहे. पण त्याचं उत्तर परवान्यावर नवी बंदूक घेणं हे आहे. ती नव्या नळ्यांच्या खर्चाच्या मानानं स्वस्त पडते आणि आजच्या काडतुसांसाठी बनलेली असते. जुनीचं मोल तिच्या घडणीत, शिक्क्यांत, नंबरांच्या मेळात आणि घराण्याच्या कागदांत आहे, आणि नळी बदलताना नेमकं तेच खर्ची पडतं. भिंत वीस थाऊंच्या वर, नायट्रो प्रूफ शाबूत, दोष पोच्यांचा किंवा सुटलेल्या डाखाचा, अशी बंदूक जरूर दुरुस्त करावी. बाकीच्यांचा गंज थांबवावा आणि त्यांना बारातून निवृत्त करावं.

गंज थांबवणं हे मात्र नावाइतकं सोपं नाही. इथल्या पावसाळ्यात लोकरी किंवा चामडी म्यानात ठेवलेली नळी ओल धरते. म्यान वेगळं ठेवावं, नळ्यांना आतबाहेर पातळ तेल लावावं, आणि जास्तीचं तेल लाकडात मुरू नये म्हणून बंदूक तोंड खाली करून ठेवावी. निवडणुकीच्या काळात परवान्याची शस्त्रं ठाण्यात जमा होतात, आठवडेच्या आठवडे तिथे राहतात. जमा करण्याच्या आदल्या दिवशी तेल लावलं नाही, तर परत येताना पट्टीच्या कडेला तांबूस रेघ दिसते. ती कडक ब्रशनं किंवा सँडपेपरनं घासू नये, तेलात भिजवून मऊ कापडानं उतरवावी. आणि परवानाधारक कारागिराकडून एकदा नीट मोजमाप झालं, की दोन्ही नळ्यांचा ९ इंचांवरचा व्यास, सगळ्यात पातळ जागा आणि तिथली जाडी एका कागदावर लिहून तो परवान्याच्या कागदांत ठेवावा. पुढे कुणी नळी पुन्हा ‘साफ’ करून द्यायला निघालं, तर त्याला आधी तो कागद दाखवता येतो.